टिंब-टिंब-स्लॅशची जपमाळ

जावा प्रोजेक्टात एसआरसी, मेन, जावा, कॉम, मग क्लायंटचं नाव, मग मॉड्यूल, असं एकात एक फोल्डरांमधून टर्मिनलवर इतकं खाली उतरल्यावर परत वर यायचं म्हणजे सीडी (डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, बदलायची कमांड) आणि पुढे टिंब-टिंब-स्लॅशची माळ; दर टिंब-टिंब म्हणजे एक पायरी वर. हिंजवडीत कुणाच्याही खांद्यावरून डोकावा, हेच चाललेलं दिसेल. एक पायरी मोजायची राहिली की एलएस (आत काय आहे ते दाखवणारी कमांड), आणि पुन्हा सीडी.

दोन-तीन पायऱ्यांपुरता एलियास, म्हणजे कमांडचं टोपणनाव, पुरतो: तीन टिंबं म्हणजे दोन पायऱ्या वर, चार म्हणजे तीन. झेडशेलमध्ये (शेल म्हणजे टर्मिनलवर कमांड चालवणारा प्रोग्राम) ऑटो-सीडी, म्हणजे सीडी न लिहिता डिरेक्टरी बदलायची सोय, चालू असेल तर नुसती दोन टिंबं दाबली तरी भागतं. त्यापुढे टिंबं मोजण्यातच वेळ जातो. तिथे फंक्शन हवं.

'अप ४' (चार पायऱ्या वर) असं चालणारं फंक्शन बॅशआरसीत, म्हणजे बॅश या शेलच्या सेटिंग्जच्या फाइलीत, लिहा. आकडा घ्यायचा, दिला नसेल तर १ धरायचा. लूपमध्ये तितक्या वेळा टिंब-टिंब-स्लॅश एका व्हेरिएबलला जोडायचं. लूप संपल्यावर एकदाच सीडी. लूपच्या आत सीडी केलं तरी वर पोचता, पण शेल आधीची जागा दर सीडीला नव्याने नोंदवतो. मग सीडी-डॅश (आधीच्या जागी परत नेणारी कमांड) मूळ जागी न नेता एकच पायरी खाली सोडतं. आकडा जास्त पडला तर रूटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या डिरेक्टरीत, थांबाल, एवढंच. (नाव देवनागरीत 'वर' ठेवलं तरी बॅश चालवून घेतं, पण दरवेळी कीबोर्ड कोण बदलणार!)

हेच वेगळ्या स्क्रिप्टमध्ये टाकून उपयोग नाही. स्क्रिप्ट चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे तुमच्या शेलने सुरू केलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, चालते. डिरेक्टरी तिची बदलते, तुमची आहे तिथेच राहते.

डिरेक्टरीच्या नावाने वर जायचं असेल तर पीडब्ल्यूडीतून (सध्याच्या जागेचा पूर्ण पाथ ठेवणारं व्हेरिएबल) स्लॅश-नाव-स्लॅश आणि त्यापुढचं सगळं छाटा, मग नाव परत जोडा. बॅशमध्ये ही छाटणी टक्केचिन्हाने होते: एका टक्केचिन्हाने त्या नावाची सर्वांत जवळची डिरेक्टरी मिळते, दोन टक्केचिन्हांनी सर्वांत वरची. सहसा एकच हवं. सीडीला द्यायच्या पाथला डबल कोट लावाच, नाहीतर 'कसबा पेठ' असं स्पेसवालं नाव आलं की बॅश जास्त आर्ग्युमेंट्सची तक्रार करतं. आणि छाटण्याआधी ते नाव पाथमध्ये आहे का ते तपासा: नसेल तर काहीच छाटलं जात नाही, आणि त्याच नावाची डिरेक्टरी खाली असली तर वर जाण्याऐवजी तिच्यात शिराल.

सिमलिंकमधून (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी लिंक) आत गेलात की गोंधळ होतो. सीडी टिंब-टिंब आलेल्या वाटेने मागे नेतं, एलएस टिंब-टिंब मात्र खऱ्या जागेची पॅरेंट डिरेक्टरी दाखवतं. खऱ्या जागेवरून वर जायचं असेल तर सीडीला डॅश आणि कॅपिटल पी द्या.