सरांच्या वहीतला सहावा डाव

आमच्या शाळेत बुद्धिबळ शिकवले गेले ते एकाच डावाच्या आधाराने. १९७२ साली रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्यात झालेल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतील सहावा डाव गणिताच्या सरांनी वहीत उतरवून ठेवला होता, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग निम्मे रिकामे होत, तेव्हा हजर असलेल्या मुलांना ते तो पटावर चालून दाखवीत. आज नागपूरच्या दिव्या देशमुख यांचे डाव गावातली मुले मोबाइलवर पाहतात. आम्हाला ती वही पुरली.

पहिला डाव हरलेला आणि दुसऱ्याला हजरच न राहिलेला फिशर पाचव्या डावाअखेर बरोबरीला आला होता. एरवी राजापुढचे प्यादे सरकवणाऱ्या या खेळाडूने सहाव्या डावाची सुरुवात मात्र सी-४ ने, म्हणजे वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे सरकवून केली. ३८व्या चालीला त्याने घोड्यासाठी हत्ती दिला, आणि या डावाच्या वर्णनात रंगवली जाते ती हीच चाल. सरांना मात्र तिचे फारसे कौतुक नव्हते. ३१व्या चालीला पांढरे प्यादे ई-६ वर पोचले की ते थांबत. तिथून पुढे ३२ ते ३६ या पाचही चालींत स्पास्कीचा वजीर ई-८ आणि डी-८ या दोनच घरांत ये-जा करतो, तर फिशर कसलीही घाई न करता एक हत्ती दोन चालींत एफ-३ वर आणतो आणि उंट डी-३ वर घेतो. "सर, वजीर तं दाव्याच्या वासरावानी करून राह्यला!" असे मागून कुणीतरी म्हणाले. सर हसले नाहीत. "मग तूच सोडव त्याला," म्हणून त्यांनी त्याला पटाशी उभे केले. ई-७ वरचा काळा हत्ती हलवावा तर प्यादे पुढे सरकते, हे कळेपर्यंत मधली सुट्टी संपली होती. डावाचा खरा कस त्या पाच चालींतच आहे, असे मलाही वाटते.

४१व्या चालीनंतर स्पास्कीने डाव सोडला आणि प्रेक्षकांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवल्या. यावरून सरांनी शाळेत नियमच केला होता, की हरलेल्याने जिंकणाऱ्याला त्याची सर्वांत चांगली चाल सांगायची. तालुक्याच्या स्पर्धेत आमचा एक गडी हरल्यावर प्रतिस्पर्ध्याला तशी चाल दाखवू लागला, तेव्हा पंचांना ती तक्रार वाटली आणि त्यांनी दोघांचेही चाली लिहिलेले कागद मागवून घेतले.