किकीचं पुस्तक वाचलं, डोक्यात मात्र तिची आईच बसलीये

शनिवार, रात्री उशिरा

लेकीने शाळेच्या लायब्ररीतून आणलेलं किकीज डिलिव्हरी सर्व्हिस आज संपवलं एकदाचं. तिचं कधीच वाचून झालंय, सोमवारी परत द्यायचंय म्हणून माझ्यामागे तगादा लावला होता. मूळ पुस्तक जपानी, एइको कदोनो यांचं, 1985 चं, मी अर्थात इंग्रजीतून वाचलं. पिक्चर आधी पाहिलेला, जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा ॲनिमेशनवाला, 1989 चा, त्यामुळे मी आपली वाट बघतेय की आता या छोट्या चेटकिणीची, किकीची, उडायची शक्ती जाणार, आता ते भलंमोठं फुग्यासारखं विमान लोंबकळणार, तर पुस्तकात तसलं काहीच नाही! नुसती कामं. हिची वस्तू तिला पोचव, एका आजींनी बोटीवरच्या मुलासाठी विणलेली पोटाला बांधायची उबदार पट्टी नेऊन दे, असलं सगळं. आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

गोष्ट अशी की चेटकिणीची मुलगी तेरा वर्षांची झाली की पौर्णिमेच्या रात्री झाडूवर बसून घर सोडायचं आणि जिथे एकही चेटकीण नाही असं गाव शोधून तिथे आपल्या हिमतीवर वर्ष काढायचं. किकी आपल्या जिजी नावाच्या काळ्या मांजराला घेऊन निघते आणि कोरिको नावाच्या समुद्राकाठच्या गावात उतरते. लोक आधी जरा लांबूनच बघतात. मग बेकरीवाली ओसोनो भेटते, दिवस भरत आलेली, एक गिऱ्हाईक बाळाची चोखणी दुकानात विसरून गेलंय आणि हिला त्या पोटाने पळवत नाहीये, तर किकी म्हणते द्या मी नेऊन देते. झालं, धंदा सुरू! राहायला बेकरीचं पिठाचं गोदाम.

पण मी अडकले ती पहिल्या काही पानांतच, किकीच्या आईपाशी. कोकिरी तिचं नाव. हिला जादू किती येते तर दोनच, झाडूवर उडणं आणि शिंकांवरचं औषध बनवणं, बास. आणि किकीला त्यातलं फक्त उडणं, कारण औषधाची झाडं लावा, निगा राखा, उकळत बसा, एवढा पेशन्स तिला नाही. पिढ्यान्‌पिढ्या जादू कमी होत आलीये. का, तर काहींचं म्हणणं की खरा मिट्ट काळोख आणि खरी शांतता आता उरलीच नाही म्हणून. हे वाचलं तेव्हा आमच्या खिडकीबाहेर मेट्रोच्या कामाचे दिवे भगभगत होते, त्यामुळे मला ते शंभर टक्के पटलं. आमच्याकडे तरी वेगळं काय, आजीला डझनभर काढे यायचे, आईला दोनतीन येतात, मला आलं-गवती चहा, आणि लेकीला ॲपवरून औषध मागवता येतं. फरक एवढाच की कदोनो बाई त्याचं रडगाणं गात नाहीत. आहे ना एक जादू, मग त्यावर पोट भर की.

आणि त्या घंटा! किकी लहानपणी उडता उडता तंद्रीत खाली खाली यायची, म्हणून आईने गावातल्या उंच उंच झाडांच्या शेंड्यांना घंटा बांधून ठेवल्यात. पाय लागला की घंटा वाजणार, पोरगी भानावर येणार, आणि गावालाही कळणार की आली बघा किकी. मुलगी पडू नये म्हणून तिचं उडणं बंद नाही केलं, झाडांना घंटा बांधल्या. मी तर लेकीला सायकल घेऊन मेन रोडला जाऊ देत नाही, लोकेशन शेअरिंग सतत चालू.

चेटकीण म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर अलबत्या गलबत्यामधली चिंची चेटकीणच येते, मतकरींचं नाटक, प्रभावळकरांनी गाजवलेली, धमाल पण शेवटी ती खलनायिकाच. आणि खऱ्या आयुष्यात तर धमालही नाही, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्याच राज्यातून येतात, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा होऊनसुद्धा. त्यामुळे गावात चेटकीण असलेली बरी असं लोकांना वाटणं हीच मला या पुस्तकातली सगळ्यात मोठी फँटसी वाटली. असो, विषय कुठच्या कुठे गेला.

नंतर कदोनोंबद्दल जरा शोधलं. त्यांच्या मुलीने बाराव्या वर्षी एक चित्र काढलेलं, चेटकीण झाडूवर बसलीये आणि झाडूला रेडिओ टांगलाय, त्यावरून ही गोष्ट सुचली. म्हणजे लेकीच्या वहीतून आलेली गोष्ट. बाई स्वतः 1959 मध्ये चोविसाव्या वर्षी ब्राझीलला जाऊन दोन वर्षं राहून आलेल्या, तेव्हा परक्या गावात पहिल्या दिवशी कसं वाटतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण त्यांची स्वतःची आई त्या पाच वर्षांच्या असतानाच गेली, हे वाचल्यावर मी परत पहिल्या प्रकरणात जाऊन कोकिरीचे सगळे संवाद वाचले. किकी निघायच्या वेळी कोकिरी झाडूवरून वाद घालते ना, की तू बनवलेला नवा नको, माझा जुनाच ने, तो भरवशाचा आहे, ते तर फारच खरं. सगळ्या आया जुनी सुटकेस अशीच गळ्यात मारतात.

एकच गोष्ट मला लागली. वर्षाने किकी घरी येते आणि तिला कोरिकोचीच आठवण यायला लागते! अगं आईने वर्षभर वाट बघितलीये, राहा की जरा निवांत. लेकीला हे बोलून दाखवलं तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणते, "आई, तिचा तिकडे बिझनेस आहे, तो कोण बघणार?"

दुसऱ्या भागात किकी शिंकांचं औषध करायला शिकते म्हणे. तो लायब्ररीत नाहीये, ऑर्डर करावा लागेल.