आबांची एसएलआर आणि माझी पहिली चांदमारी

शनिवारी सकाळी सात वाजता घरून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत एक लांब कुलूपबंद पेटी होती, वीस-वीस काडतुसांचे तीन बॉक्स होते आणि श्रीखंडाचा रिकामा डबा होता. डबा आबांनी घ्यायला लावला होता.

आबा म्हणजे माझे वडील. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आले. बेळगावच्या सेंटरला रिक्रूट म्हणून गेले तेव्हापासून सेवेतली बहुतेक वर्षं त्यांच्या हातात एकच हत्यार होतं, ७.६२ एसएलआर. सेल्फ लोडिंग रायफल. गोळी सुटते, तिच्यामागच्या गॅसचा थोडा भाग आतला पिस्टन ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढची गोळी आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, चढते. पण दर गोळीला ट्रिगर मात्र नव्याने दाबावाच लागतो. सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते हेच. पुढे नव्वदच्या दशकाअखेरीस पलटणीत इन्सास ही नवी रायफल आली आणि एसएलआर परत जमा झाली. त्या रायफलीचा नंबर आबांना आजही पाठ आहे. गावात लहानपणी आम्ही मुलं तो पाढ्यासारखा म्हणायचो.

मी ॲरिझोनात बारा वर्षं आहे. इथे आल्यापासून लोक नेमबाजीला जाताना बघत होतो, पण एच-वनबीवर असताना त्यात पडलो नाही. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायदा सहसा बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर, असे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड झालं, त्यानंतर दोन वर्षं भाड्याच्या .२२ रायफलीवर हात बसवला आणि या जानेवारीत स्वतःची रायफल घेतली.

एआर-१० च्या घराण्यातली ही सेमी-ऑटो. युजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात आर्मलाइट कंपनीत जी रचना केली, तिची ही नातवंडं. माझी खास अचूक नेमबाजीसाठी बांधलेली आहे: वीस इंची जाड नळी, हलका सुटणारा ट्रिगर, वर सोळापट मोठं दाखवणारी दुर्बीण, पुढे दोन पायांचा बायपॉड. काडतूस निवडताना ६.५ क्रीडमूर घ्यावं असं बऱ्याच जणांनी सुचवलं. लांब पल्ल्यावर ते सरस आहे यात वाद नाही. पण मी .३०८ विंचेस्टर घेतलं. हे काडतूस १९५२ मध्ये बाजारात आलं आणि त्याचं सैनिकी भावंड म्हणजे ७.६२ बाय ५१, म्हणजेच आबांच्या एसएलआरचं काडतूस. दोन्ही शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. माझ्या निवडीचं कारण एवढंच होतं आणि मला ते पुरेसं वाटतं.

खरेदीबद्दल गावाकडून सगळ्यांत जास्त प्रश्न येतात, म्हणून सांगतो. दुकानात ४४७३ नंबरचा केंद्रीय फॉर्म भरला, त्यांनी पार्श्वभूमी तपासणीसाठी माहिती पाठवली, पंधरा मिनिटांत होकार आला. ॲरिझोनात वेगळा राज्य परवाना लागत नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली साध्या परवान्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालतात आणि या जातीची रायफल तर सामान्य नागरिकाला मिळतच नाही. मला आपल्याकडचा जाच नको वाटतो आणि इथली ही पंधरा मिनिटंही कमी वाटतात. इथल्या शाळांमध्ये गोळीबाराची कवायत होते. माझी नऊ वर्षांची मुलगी दिवे बंद करून बाकाखाली बसायला शिकली आहे. हे मला रोज बोचतं. म्हणून रायफल भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत राहते, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि तिजोरीचा आकडा फक्त मला माहीत आहे.

फिनिक्सच्या उत्तरेला, आय-१७ वरून केअरफ्री हायवेला उतरलं की बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी लागते. राज्याच्या गेम अँड फिश खात्याची ही सार्वजनिक रेंज. पैसे भरून कोणीही येऊ शकतं. नाव ज्यांचं आहे ते बेन एव्हरी पत्रकार होते आणि ही जागा नेमबाजांसाठी मिळावी म्हणून त्यांनी खटपट केली. फेब्रुवारीतली सकाळ, हवा गार, समोर मातीचे उंच बांध आणि त्यामागे डोंगरावर हात वर करून उभे असल्यासारखे सग्वारो निवडुंग. छताखाली सिमेंटची टेबलं ओळीने. माझ्या उजवीकडे एक आजोबा नातवाला .२२ शिकवत होते.

कानात फोमचे बोळे आणि त्यावर इअरमफ, असं दुहेरी संरक्षण मी घेतो. या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४०च्या पुढचा एक धमाकासुद्धा कान कायमचा बिघडवू शकतो. आबांच्या वेळी कानात कापूस असायचा, तोही असला तर. आज त्यांच्याशी फोनवर बोलताना मला ओरडावं लागतं ते त्यामुळेच.

पहिले टार्गेट २५ यार्डांवर लावलं. नवी दुर्बीण चढवल्यावर गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून आधी जवळून बघायचं. मॅगझिनमध्ये तीन गोळ्या भरल्या, मॅगझिन चढवलं, आबा ज्याला कॉकिंग हँडल म्हणतात ते मागे ओढलं आणि नवं कोरं यंत्र आपटू नये म्हणून हाताने हळूच पुढे नेलं. दस्ता खांद्यात घेतला, श्वास अर्धा सोडला, ट्रिगर दाबला.

टक्.

फक्त टक्. दोन्ही कानांवर आच्छादन असूनही तो आवाज मला स्वच्छ ऐकू आला. अशा वेळी नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं असतं, कारण काडतुसातली दारू उशिरा पेटू शकते. मी मनात आकडे मोजत राहिलो आणि डावा हात वर केला. रेंज ऑफिसर बाई आल्या, साठीच्या असतील. त्यांनी तीस पुरे होऊ दिले, मग मॅगझिन काढायला लावलं, बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा, ओढायला लावला. काडतूस टेबलावर पडलं. त्यांनी ते उचलून पेंदीची बाजू मला दाखवली. मधल्या पितळी टिकलीवर, जिच्यावर पिनचा घाव बसला की दारू पेटते तिच्यावर, जेमतेम दिसेल असा ठिपका होता, टाचणीचं टोक टेकवावं तेवढा. त्या म्हणाल्या, आतली पिन हलकीच टेकल्याची ही खूण आहे. पुरा घाव बसलेलाच नाही. मी हाताने धरून पुढे नेल्यामुळे बोल्ट पूर्ण बंद होऊन फिरला नव्हता आणि म्हणून पिन जोराने पोचली नाही. "सोडून द्या त्याला," असं म्हणून त्यांनी मोकळा हात झटकून दाखवला, "स्प्रिंगला तिचं काम करू द्या." ते काडतूस मी बाजूला, शर्टाच्या खिशात ठेवलं.

पुढच्या वेळी हँडल मागे ओढून झटक्यात सोडलं. आणि मग रायफल बोलली.

पाळीव .२२ नंतर .३०८ हा वेगळाच प्राणी आहे. खांद्याला धक्का बसतो तो सहन होण्यासारखा, पण सेमी-ऑटोत त्या धक्क्याच्या पोटात दुसरी एक हालचाल असते. बोल्ट आणि त्याचा जड वाहक सरकत मागे जातात, आपटतात, पुढे येतात, पुन्हा आपटतात. साध्या, दर गोळीला बोल्ट हाताने ओढायच्या रायफलीत गोळी गेली की सगळं शांत. इथे दुर्बिणीतलं चित्र दोनदा हलतं. गोळी तर केव्हाच गेलेली असते. अकरा ग्रॅमच्या आसपासची ती शिशा-तांब्याची टोकदार गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या वेगाने निघते. पण अंगाला ती हालचाल आधीच माहीत होते आणि मग पुढच्या गोळीला अंग आपसूक ताठरतं, बोट घाई करतं. माझ्या पहिल्या दहा गोळ्यांत हे होत होतं.

शंभर यार्डांवर गेलो. इथे मिनिटाच्या कोनाचा हिशेब लागतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे २.६६ सेंटिमीटर. चांगल्या रायफलीने पाच गोळ्या तेवढ्यात टाकाव्यात अशी अपेक्षा. माझा पहिला ग्रुप, म्हणजे पाच भोकांतलं सगळ्यांत लांबचं अंतर, ५.२ सेंटिमीटर. पण कागद नीट बघितला तर चार भोकं एकमेकांना चिकटलेली होती आणि एक वेगळं, वर डावीकडे. दुसऱ्या ग्रुपलाही तसंच. तिसऱ्यालाही. वेगळी पडणारी गोळी दर वेळी पहिलीच होती, हाताने चढवलेली. बाकीच्या चार यंत्राने स्वतः चढवलेल्या. सेमी-ऑटोत हे होतं असं वाचलं होतं. बोल्ट हाताने सुटला आणि गोळीबारातून सुटला तर काडतूस चेंबरमध्ये थोडं वेगळं बसतं. वाचलेलं कागदावर असं उमटलेलं बघताना मला फार आनंद झाला.

मध्ये गोळीबार थांबवण्याचा लाल दिवा लागला. मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये पिवळी प्लॅस्टिकची काडी, सगळे रेषेमागे. कोणी टेबलाला हात लावत नाही. त्या दहा मिनिटांत नळी निवते आणि माणूसही. शेजारच्या आजोबांनी नातवाला पाणी दिलं, मी थेपले काढले.

शेवटच्या वीस गोळ्या मी सावकाश घेतल्या. आबा सांगायचे ते आठवून: शिस्त (फौजेत नेम धरण्याला म्हणतात), साँस, ट्रिगर, आणि गोळी गेली तरी ट्रिगर सोडायचा नाही, धक्का संपेपर्यंत मागेच धरून ठेवायचा. शेवटचा ग्रुप ३.१ सेंटिमीटर, पहिल्या गोळीसकट. कागद घडी न घालता घरी आणला आहे.

कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी एक तुलना. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक घेतलं ते ५० मीटरवर, एकेक गोळी हाताने भरायच्या .२२ रायफलीने, दुर्बीण नाही, आणि तीनपैकी एक प्रकार तर उभ्याने. त्या टार्गेटच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. टेबलावर रायफल टेकवून नेम धरल्यानंतर तो आकडा काय आहे ते मला नव्याने कळलं.

इथे बहुतेक लोक पुंगळ्या झाडून बादलीत टाकतात आणि जातात. फौजेत रिकाम्या पुंगळीला खोखा म्हणतात आणि चांदमारी संपली की खोखे मोजून परत करायचे असतात. जेवढ्या गोळ्या घेतल्या तेवढे खोखे. एक जरी कमी पडला तरी अख्खी पार्टी गवतात वाकून शोधायची, अंधार पडला तरी. आबांनी डबा त्यासाठी घ्यायला लावला होता. मी टेबलाखाली, मॅटखाली, आजोबांच्या खुर्चीखाली शोधत पुंगळ्या गोळा केल्या. त्यांच्या नातवाने चार आणून दिल्या. फायरिंग लाइनच्या पुढे पडलेल्या मात्र उचलता येत नाहीत.

पार्किंगमधून फोन लावला. गावाकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते, आबा जागे होते. मी ग्रुप सांगितला, टक् झालेलं सांगितलं.

"बोल्ट हातानं न्हेलास व्हय रं?"

"हो आबा."

"आम्हाला पयल्या दिवशीच सांगत्यात. झटक्यानं सोडायचा." थोडं थांबून म्हणाले, "खोखे मोजलेस का?"

मोजले होते. सत्तावन्न खोखे, एक जिवंत, दोन कमी.

"कुठं गेले दोन?"

"रेषेच्या पुढं पडले असतील आबा. इथं तिकडं जाऊ देत नाहीत."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "डायरीत लिही. दोन कमी. तारीख घाल, खाली सही कर."

गाडीत बसूनच लिहिलं.