आमची वाटचाल : टोनर ते तक्ते

२००८ साली कोल्हापुरात दुकान थाटलं तेव्हा धंदा सरळ होता. कॉम्प्युटर असेंबल करायचे, टोनर भरून द्यायचे, कुणी बोलावलं तर केबल ओढायची. नेटवर्क म्हणजे आठ पोर्टचा साधा स्विच. अडला की बंद करून चालू करायचा. पुढे ऑनलाइन खरेदी आली आणि आमच्या गिऱ्हाइकाला तोच स्विच आमच्या खरेदीच्या भावात घरपोच मिळू लागला. नुसती वस्तू विकून भागेना.

त्याच सुमारास गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या कारखान्यांची कामं मिळू लागली. लांब पसरलेले शेड, मधून फायबरची रिंग, प्रत्येक शेडमध्ये लेयर-थ्री मॅनेज्ड स्विच, म्हणजे डेटाचा रस्ता स्वतः ठरवणारा. तिथे ओएसपीएफशी गाठ पडली, म्हणजे स्विचनी आपापसांत बोलून हे रस्ते ठरवायच्या पद्धतीशी. त्याचा कारभार असा : प्रत्येक स्विच आपले शेजारी कोण आणि तिथवरची कॉस्ट (रस्ता किती महाग त्याचा आकडा) किती, एवढीच नोंद काढतो. ती नोंद, म्हणजे एलएसए, एरियातल्या, म्हणजे नेटवर्कच्या त्या भागातल्या, सगळ्यांकडे जशीच्या तशी पोचते. सगळ्यांकडे एकच नकाशा तयार होतो आणि मग जो तो डायक्स्ट्राच्या रीतीने (कमीत कमी कॉस्टचा रस्ता काढायचं गणित) आपला जवळचा रस्ता शोधतो. इथरनेटवर हॅलो, म्हणजे 'मी आहे' असा निरोप, सहसा दर १० सेकंदांनी. ४० सेकंद आवाज नाही तर शेजारी गेला. १९९८ च्या आरएफसी २३२८ या ओएसपीएफच्या मानक दस्तऐवजात हे सगळं आहे. नव्या पोरांना आम्ही तेच वाचायला लावतो. कंटाळतात, पण वाचतात.

आमचं नाव झालं ते एका फाउंड्रीमुळे. तिथल्या वजनकाट्याच्या नोंदी मध्येच सर्व्हरला पोचेनाशा व्हायच्या. आमच्या आधी फायबर बदलून झालं होतं, एसएफपी (स्विचमध्ये फायबर जोडायचे मोड्यूल) तेही बदलून झाले होते. "अहो, दिवे तर सगळे हिरवे आहेत!" मालक म्हणाले. होतेच. शेजाऱ्यांच्या यादीतही सगळीकडे 'फुल', म्हणजे जोडणी पूर्ण. आमच्या पोराने कन्सोल केबल लावून लिंक स्टेटचा तक्ता मागवला. त्यात तीन गोष्टी बघायच्या : नोंद कुणाची, तिचं वय किती, अनुक्रमांक किती. धड चाललेली नोंद दर ३० मिनिटांनी पुढचा अनुक्रमांक घेऊन नव्याने निघते, म्हणजे वय १८०० सेकंदांपर्यंत चढत जातं. बाकीच्या नोंदींची वयं शेकड्यांत होती. एका राउटर-आयडीच्या (स्विचचा नेटवर्कमधला ओळख-क्रमांक) नोंदीचं वय मात्र दहाच्या वर जाईना, आणि अनुक्रमांक रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता.

लिंक पडत-उठत असती तर पोर्टच्या लॉगमध्ये दिसली असती. तिथे काहीच नव्हतं. मग एकच शक्यता उरली, आणि तीच निघाली : दोन टोकांच्या शेडमधल्या दोन स्विचना एकच राउटर-आयडी. नवा स्विच बसवणाऱ्याने जुन्याचं कॉन्फिगरेशन तसंच चिकटवलं होतं. आयपी बदलले, आयडी राहिला. एकाने नोंद काढली की दुसऱ्याला आपल्या नावावर भलतंच काही लिहिलेलं दिसायचं. तो पुढचा अनुक्रमांक घालून स्वतःची नोंद काढायचा. मग पहिल्याची पाळी. दर खेपेला सगळ्या रिंगेचा नकाशा बदलायचा आणि रस्ते गायब व्हायचे. आयडी बदलला, प्रोसेस रीस्टार्ट केली, वय निमूट चढायला लागलं. एक रुपयाचाही माल न विकता केलेलं आमचं ते पहिलं मोठं बिल.

तिथून पुढे वार्षिक देखभालीचीच कामं जास्त येत गेली. गिऱ्हाइकाचं नेटवर्क हाती घेतलं की आधी रेफरन्स बँडविड्थ बघतो, म्हणजे जिला लिंकच्या वेगाने भागून कॉस्ट काढतात तो आकडा; कॉस्ट १ च्या खाली जात नाही. बऱ्याच स्विचवर ती अजून १०० एमबीपीएस असते, त्यामुळे १०० एमबीची जुनी लिंक आणि १० जीबीची नवी, दोन्हींची कॉस्ट १. ती सगळीकडे सारखीच वाढवावी लागते, नाहीतर निम्म्यांचा हिशेब वेगळा.

आता आमच्या बिलात 'लिंक स्टेट तपासणी' अशी वेगळी ओळ असते. "नुसतं बघायचे पैसे?" असं विचारणारे भेटतातच. त्यांच्यासमोर दोन महिन्यांचे तक्ते ठेवतो. शांत नोंदीचा अनुक्रमांक दिवसाला ४८ ने, महिन्याला साधारण १४४० ने वाढतो. तुमच्या पेंट शॉपमधल्या स्विचचा किती वाढलाय ते तुम्हीच मोजा, म्हणतो. बहुतेक जण सही करतात. काही जण तरीही दहा टक्के कापतात.