एमू, पेंग्विन आणि सुभेदारसाहेब

लढाईबद्दल सरळ विचारलं की निवृत्त फौजी मिटतो. ‘होतं जी, नोकरीच होती ती’ एवढ्यात विषय संपतो. एकाहत्तरला राजस्थानच्या सीमेवर असलेला माणूस रेतीच्या वाऱ्यात शिजवलेला भात दाताखाली कसा करकरतो हे रंगवून सांगेल, पुढचं नाही. त्यामुळे मी विचारत नाही. जुनीनवी एखादी विचित्र बातमी तेवढी पुढे सरकवतो.

नागपुरात अशा माणसांना तोटा नाही. कामठीची छावणी १८२१ सालची, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र तिथेच. इकडे वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. फुटाळा तलावाचा फेरा आटोपला की तर्री-पोह्याच्या ठेल्यावर ही मंडळी जमतात. सुभेदारसाहेबांची खुर्ची ठरलेली. कोणी लिहून दिलेलं नाही, पण हवालदारही तिथे बसत नाहीत.

एकदा मी ऑस्ट्रेलियातली १९३२ सालची एमूंवरची स्वारी सांगितली. गहू तुडवणाऱ्या पक्ष्यांवर सरकारनं खरंच सैनिक पाठवले, दोन लुईस मशिनगन आणि दहा हजार गोळ्या देऊन. पक्षी पांगले, आणि मोहीम फसली. मला हशा अपेक्षित होता. हवालदारांनी, जे आयुष्यभर कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रकोठारात, हत्यारं मोजत आले, फक्त विचारलं, “पुंगळ्या जमा केल्या का त्यायनं?” पुंगळी म्हणजे झाडलेल्या गोळीचं रिकामं टरफल. मग एका फायरिंग रेंजवर एक पुंगळी कमी भरली म्हणून अख्खी प्लाटून अंधार पडेपर्यंत गवत कशी चाळत होती, ते आलं. सापडली ती एका जवानाच्या बुटाच्या घडीत. त्या जवानाचं पुढे काय झालं, हे मात्र त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळत टाळलं.

पेंग्विनच्या बातमीवर वातावरण जरा तापलं. एडिनबरोच्या प्राणिसंग्रहालयात नॉर्वेच्या राजरक्षक दलाचा मानाचा पेंग्विन आहे, निल्स ओलाव्ह. १९७२ मध्ये लान्स कॉर्पोरल, २०१६ मध्ये ब्रिगेडियर, २०२३ मध्ये मेजर जनरल. “एकच पक्षी?” सुभेदारसाहेबांनी विचारलं. नाही, नाव तेच, पक्षी तिसरा. “मंग ठीक आहे. तीन पिढ्या लागल्या त्याले.” नायक या हुद्द्याची फीत मिळायला त्यांना वेकन्सीसाठी किती ताटकळावं लागलं, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती फीत बायकोनं रात्री कंदिलापाशी शिवली होती म्हणे. हे सांगताना ते जनरलसाहेबांच्या मासळीच्या रेशनकडे वळले, आणि माझ्या मते मुद्दामच वळले.

हिरू ओनोडाची गोष्ट मात्र विनोद म्हणून सांगूच नये. हा जपानी अधिकारी महायुद्ध संपलं हे न मानता फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर मार्च १९७४ पर्यंत लढत राहिला. पत्रकं टाकली, त्याला ती शत्रूची चाल वाटली. शेवटी त्याचा जुना मेजर जपानहून आला, त्यानं हुकूम वाचून दाखवला, तेव्हा त्यानं रायफल खाली ठेवली. तिथल्या गावकऱ्यांना त्यापायी जीव गमवावे लागले, हे विसरून त्याला नुसता हट्टी वीर ठरवणं मला पटत नाही. मी तसं म्हणालोही.

“ते चूकच जी,” हवालदार म्हणाले. “पण रिलीव्हरच आला नाही, त पोस्ट सोडणार कसा?”

आणि मग बर्फातली एक चौकी आली. कुठली, ते नाही. पहारेकरी बदलायची वेळ झाली, बदली येईना. रस्ता मिटला असणार हे कळत होतं. हात रायफलीला चिकटू नये म्हणून बोटं एकेक करून हलवायची. घड्याळ बघायचं नाही, बघितलं की वेळ थांबते. बदली आली तेव्हा पासवर्ड विचारला का, असं मी विचारलं. “विचारला नं! माह्याच गावचा पोऱ्या होता, तरी विचारला.”

सुभेदारसाहेबांना वेगळंच खटकलं होतं. ओनोडाला जपाननं १९५९ मध्येच मृत ठरवलं होतं, असं मी मघाशी बोलून गेलो होतो.

“म्हणजे जिता असून मेला म्हणून लिवलं?” ते म्हणाले. “आमचं बरं हाय. आम्ही जिते हाओत, हे दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर आम्हालेच सांगा लागते. अन् यंत्र म्हणते, अंगठा जुळत नाही.”