पाळणाघर, पाण्याचे बॅरल आणि एक दाखला

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला एकदाचा हातात पडला, म्हणून हे लिहितेय. जुळे सोलापुरात घरच्या घरी पाळणाघर सुरू करतेय. पहिलं लेकरू ठेवायला आलेल्या बाईंनी चाचरत विचारलं, "ताई, राग मानू नका, पण पोलिसांचा कागद आहे का?" राग कसला? नऊ महिन्यांचं बाळ परक्या घरी ठेवायचं तर विचारायलाच हवं.

अर्ज ऑनलाइन भरला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते नावापाशी. आधारवर सासरचं नाव, दहावीच्या सनदेवर माहेरचं. टेबलामागचे साहेब म्हणाले, "या दोघी एकच कशावरून?" मी समोर उभी! "लग्नाचा दाखला आणा." लग्न मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात झालेलं, तेव्हा नोंदणीच्या भानगडीत कोण पडत होतं? ग्रामसेवकांकडे आणखी एक गाव. ते इथे असले की शिक्का तिथे. तीन साक्षीदार हवेत, लग्नपत्रिका हवी, अर्जावर भटजींची सही हवी. भटजी मुलाकडे पुण्याला गेलेले. लग्न ठरवताना नवरा शोधायला एवढा वेळ लागला नव्हता. पत्रिका मात्र आत्याच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत सापडली, हळदीच्या बोटांसकट.

सगळं घेऊन परत गेले तर ते साहेब रजेवर. त्यांच्या जागेवरच्या मॅडमनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, "एवढं कशाला केलंत? प्रतिज्ञापत्र चाललं असतं." काय बोलणार! तोंडाला आलेलं गिळलं, कारण अर्ज अजून त्यांच्याच टेबलावर होता.

मग पत्ता बघायला हवालदार घरी येणार म्हणून वाट बघणं. 'आज येतो' म्हटल्यावर बाहेर पडता येत नाही. आले तेव्हा चहा घेता घेता त्यांची नजर मोरीतल्या बॅरलवर गेली. "झाकणाला कुलूप कशाला? पाणी चोरतात का काय?"

त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी बॅरल, हौद, बादल्या भरलेल्या. रांगत्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत वर येता येत नाही. त्याला वीतभर पाणीही पुष्कळ, आणि बुडताना आवाजही येत नाही. म्हणून माझ्याकडे बादल्या पालथ्या, झाकणं बंद, मोरीची कडी माझ्या डोक्याच्या उंचीवर. हवालदार उठून कडी लावून-काढून बघून आले. घरी नात आहे म्हणाले.

दाखल्यावर यातलं काही लिहिलेलं नसतं. माझ्यावर गुन्हा नाही एवढंच त्यावरून कळतं. म्हणून आयांनो, कागद बघा, पण घास अडकला तर काय कराल, हेही विचारा. शेजारच्या सिस्टरनी मला बाहुलीवर शिकवलं: बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच निघेना तर वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने 5 थापा; मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. मदत येईपर्यंत आलटून पालटून. घास दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही. वर्षावरच्या मुलाला छातीऐवजी पोटावर दाब, तो बघून नाही, हाताने करून शिका. आणि सोलापूरकर असलो तरी अख्खा शेंगदाणा चार-पाच वर्षांपर्यंत नाही. द्राक्षं उभी चिरून.

भाजलं तर हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही; 20 मिनिटं थंड पाणी. नळ कोरडा असेल तर बॅरलमधून तांब्याने ओतत राहायचं, म्हणून कुलपाची किल्ली माझ्या गळ्यात. वर्षाच्या आत मध चाटवू नका, आजी कितीही म्हणोत. 108 आणि 112 भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेत.

हो, अर्जाचं राहिलं: नावात फरक असेल तर 'प्रतिज्ञापत्र चालेल का' हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि साहेब 'नाही' म्हणाले तर मॅडम कधी असतात तेही विचारून घ्या.