माझं तिसऱ्या पसंतीचं मत

सप्टेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात माझी लेक शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "आई, मी लिबरल पक्षाची सभासद झाले. तूपण हो. अकरा तारखेपर्यंतच मुदत आहे." ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. आम्ही कॅनडात ओंटारियो प्रांतात, टोरांटोला लागून असलेल्या मिसिसागा शहराच्या कुक्सव्हिल भागात राहतो. निवडणुकीत मतदानाला तिला अजून तीन वर्षं होती, पण ओंटारियो लिबरल पक्षाचं सभासदत्व चौदाव्या वर्षापासून मिळतं आणि त्याला एक डॉलरही लागत नाही. सभासद झालं की प्रांताच्या पक्षाचा नेता निवडायला मत मिळतं. हे मला चौदा वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, आणि ते लेकीकडून कळलं.

मी सांगलीची. आमच्याकडे प्रदेशाध्यक्ष दिल्लीहून जाहीर होतो. सकाळी पेपरात नाव येतं, दुपारी हार घालायला रांग लागते. कार्यकर्त्याने आयुष्यभर सतरंज्या उचलल्या तरी त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तुला कोण नेता हवा. त्यामुळे लेक जे सांगत होती त्यावर माझा पटकन विश्वास बसला नाही. रात्री जेवणं झाल्यावर दोघी लॅपटॉपसमोर बसलो आणि मी फॉर्म भरला. पाच मिनिटं लागली.

पक्षाची अवस्था तेव्हा काय होती ते सांगायला हवं. पंधरा वर्षं सत्तेत असलेला हा पक्ष २०१८ मध्ये १२४ पैकी ७ जागांवर आला. २०२२ मध्ये ८. विधानसभेत अधिकृत पक्षाचा दर्जा मिळायला १२ लागतात, म्हणजे तोही गेलेला. प्रमुख विरोधी पक्ष होता एनडीपी, म्हणजे न्यू डेमोक्रॅटिक पार्टी. लिबरलांचे तेव्हाचे नेते स्टीव्हन डेल डुका स्वतःच्या मतदारसंघातही हरले आणि त्यांनी राजीनामा दिला. अशा पक्षाचं नेतेपद कोणाला हवं असेल, असं वाटतं. पण उमेदवारीची फी एक लाख डॉलर असूनही पाच जण उतरले. एनडीपीत त्याच वर्षी फेब्रुवारीत मारिट स्टाइल्स बिनविरोध नेत्या झाल्या होत्या. इथे मात्र खरी लढत होती.

मिसिसागाच्या महापौर बॉनी क्रॉम्बी, टोरांटोचे खासदार नेट अर्सकिन-स्मिथ, ओटावाचे खासदार यासिर नक्वी, किंग्स्टनचे आमदार टेड श्यू आणि टोरांटोचे आमदार डॉ. आदिल शामजी. शामजींनी सप्टेंबरच्या अखेरीस माघार घेऊन क्रॉम्बींना पाठिंबा दिला. उरले चार.

सभासद झाल्यावर पहिला बदल झाला तो फोनमध्ये. सभासदांची यादी उमेदवारांकडे जाते, त्यामुळे रोज संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला एक तरी फोन यायचा. एकदा मी पोळ्या लाटत होते, फोन लेकीने घेतला. मी नेहमीप्रमाणे म्हणाले, "कोण आहे? दे इकडे." तिने हात हलवून मला गप्प केलं. फोन तिच्यासाठीच होता. पलीकडची बाई तिला विचारत होती की तुमचं पहिलं मत ठरलं असेल तर दुसरं कोणाला देणार. लेक हॉलभर येरझाऱ्या घालत वीस मिनिटं घरांच्या किमतींवर बोलत होती. तिच्या पिढीला या शहरात घर घेता येणार आहे का, हे ती विचारत होती आणि पलीकडची बाई ऐकून घेत होती. पोळी तव्यावर करपली, पण मी तिला थांबवलं नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला कोणी इतक्या आदराने राजकारणावर मत विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मतदान पसंतीक्रमाचं होतं. पहिल्या फेरीत कोणाला निम्म्याहून जास्त मिळालं नाही तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. हे मी सांगलीला अप्पांना फोनवर सांगायला लागले, तर ते मधेच म्हणाले, "अगं, हे तर आमचं शिक्षक मतदारसंघाचं मतदान!" अप्पा हायस्कूलमध्ये शिक्षक होते. पुणे विभागाच्या शिक्षक आणि पदवीधर, दोन्ही मतदारसंघांत त्यांनी कितीतरी वेळा विधान परिषदेसाठी मत दिलंय. केंद्रावर देतात त्याच जांभळ्या स्केचपेनने नावापुढे १ लिहायचा, मग २, मग ३. टिक केली की मत बाद. स्वतःचा पेन वापरला तरी बाद. किती शिकलेल्या लोकांची मतं अशी वाया जातात हे ते दर निवडणुकीनंतर हळहळून सांगायचे.

त्यांनी मला त्या दिवशी दोन गोष्टी नीट समजावल्या. एक, दुसरी पसंती लिहिल्याने पहिलीचं काही नुकसान होत नाही, कारण पहिला रिंगणात असेपर्यंत दुसरीकडे कोणी बघतच नाही. दोन, पुढच्या पसंत्या कोऱ्या सोडल्या आणि आपला माणूस बाद झाला, तर आपलं मत तिथेच संपतं. "सगळे आकडे लिही," अप्पा म्हणाले. "शेवटपर्यंत खोलीत बसून राहायचं. मधेच उठून यायचं नाही."

हे वाक्य मी विसरले नाही.

या पक्षाने आणखी एक गोष्ट केली होती ती मात्र अप्पांनाही नवी होती. मार्च २०२३ मध्ये हॅमिल्टनच्या अधिवेशनात त्यांनी प्रतिनिधी निवडून त्यांच्याकरवी नेता ठरवायची जुनी पद्धत सोडून प्रत्येक सभासदाला मत दिलं, पण मोजणी गुणांवर ठेवली. प्रत्येक मतदारसंघाला १०० गुण, विद्यापीठातल्या विद्यार्थी क्लबला ५० आणि महिला क्लबला ५. मतदारसंघात ज्याला जितके टक्के मतं, तितके गुण. समजा आमच्याकडे ४०० जणांनी मत दिलं तर एका मताचं वजन पाव गुण. उत्तरेच्या एखाद्या मतदारसंघात ५० जणांनीच दिलं तर तिथलं एक मत दोन गुणांचं, आमच्या आठपट. मला सुरुवातीला हा अन्याय वाटला. मग विचार केला की असं नसतं तर सगळे उमेदवार टोरांटोच्या आसपासच फिरले असते. पहिली वादसभा थंडर बे इथे झाली, टोरांटोपासून हजार किलोमीटरपेक्षा लांब. ती तिथे व्हावी हे मला आता बरोबर वाटतं.

या गुणांनी काय होऊ शकतं याचं उदाहरण इथेच आहे. २०१८ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष विरोधात असताना त्यांच्या नेतेपदाच्या लढतीत क्रिस्टीन एलियट यांना एकूण मतं जास्त होती, मतदारसंघही जास्त जिंकलेले, पण गुणांवर डग फोर्ड जिंकले. तिसऱ्या फेरीत, दीडशेच्या आसपास गुणांनी. तीन महिन्यांनी त्यांचा पक्ष प्रांताची निवडणूक जिंकला आणि ते मुख्यमंत्री झाले. आज ओंटारियोत जे सरकार आहे त्याचं मूळ एका विरोधी पक्षाच्या सभासदांच्या त्या मतदानात आहे. मराठी मंडळाच्या दिवाळीत मी हे सांगितलं तर एक काका म्हणाले, "आपण काय, निवडणूक आली की मत देतो." तोवर अर्धा निर्णय झालेला असतो, हेच मी त्यांना पोटतिडकीने सांगत होते.

माझा पहिला उमेदवार सोपा होता. टेड श्यू. भौतिकशास्त्रात पीएच.डी., शांत बोलणं. खासदार असताना त्यांनी जनगणनेचा सक्तीचा मोठा फॉर्म परत आणण्यासाठी विधेयक मांडलं होतं. ते नामंजूर झालं, पण मी लॅबमध्ये काम करते, मोजल्याशिवाय बोलू नये असं मानणारा माणूस मला आपला वाटतो. ते जिंकणार नाहीत हे मला माहीत होतं.

दुसरे नक्वी. कराचीत जन्म, पंधराव्या वर्षी कॅनडात. लोकशाहीसाठी मोर्चा काढला म्हणून त्यांच्या वडिलांना पाकिस्तानात तुरुंगात जावं लागलं होतं. प्रांताचे ॲटर्नी जनरल, म्हणजे कायदामंत्री, राहिलेले, कामाचा अनुभव होता. इथपर्यंत काही अडचण नव्हती.

तिसऱ्या आकड्याने माझी झोप घालवली. कारण हे दोघं बाद झाले तर माझं मत शेवटी क्रॉम्बी किंवा अर्सकिन-स्मिथ यांच्यापैकी एकाकडे जाणार, आणि तिथेच निकाल लागणार. ऑक्टोबरमध्ये नक्वी आणि अर्सकिन-स्मिथ यांनी आपापल्या समर्थकांना एकमेकांना दुसरी पसंती द्यायला सांगितलं, तेव्हा तर हे उघडच झालं. लेकीचं पहिलं मत अर्सकिन-स्मिथना. स्वतःच्या पक्षाविरुद्ध संसदेत मत द्यायला न कचरणारा माणूस, घरांविषयी स्पष्ट बोलणारा. ती रोज रात्री भांडी लावताना माझ्याशी वाद घालायची. तिचा मोठा मुद्दा ग्रीनबेल्टचा, म्हणजे टोरांटोभोवतीच्या शेतं-जंगलांच्या राखीव पट्ट्याचा. त्या ऑगस्टमध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला होता की ग्रीनबेल्टच्या जमिनी बांधकामाला खुल्या केल्याने मालकांचा ८३० कोटी डॉलरहून जास्त फायदा होऊ शकतो. लोक इतके संतापले की २१ सप्टेंबरला फोर्डना तो निर्णय मागे घ्यावा लागला. आणि क्रॉम्बी सुरुवातीला तिथल्या जमिनींच्या अदलाबदलीला तयार आहोत असं बोलून बसल्या होत्या. नंतर त्यांनी शब्द फिरवला. "आई, जो प्रश्न सरकारला सगळ्यात जड जातोय त्यावरच आपला नेता डळमळीत असून कसं चालेल?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं.

तरी माझं मन क्रॉम्बींकडे झुकत होतं. त्या आमच्या शहराच्या महापौर. २०१४ पासून त्यांचं काम पाहिलेलं. दारोदार ओळख, देणग्या जमवण्याची ताकद. ८ जागांच्या पक्षाला आधी उपनगरं परत मिळवायला हवीत आणि तिथे ओळखीचा चेहरा लागतो, असं मला वाटत होतं.

मतदान २५ आणि २६ नोव्हेंबरला होतं, प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन. नाव आणि पत्ता दोन्ही दाखवणारा पुरावा लागतो. माझं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. लेकीकडे हेल्थ कार्ड, त्यावर फोटो आहे, पत्ता नाही. सूचना आधी आलेली होती, मी ती नीट वाचली नाही, चूक माझी. टेबलावरच्या स्वयंसेविकेने समजावलं, पत्ता असलेलं काहीही चालेल. लेकीचा चेहरा पडला. पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावावर विजेचं बिल नसतं, भाडेकरार नसतो. आम्ही गाडीत बसून घरी आलो आणि सगळे खण उपसले. शेवटी शाळेने टपालाने पाठवलेलं प्रगतिपुस्तक सापडलं, वर तिचं नाव आणि आमचा पूर्ण पत्ता छापलेला. गणितात ७१ होते, म्हणून ते तिने स्वतःच वह्यांच्या खाली दडवलेलं. तेच हातात घेऊन ती रांगेत परत उभी राहिली. स्वयंसेविकेने पत्ता बोटाने वाचला, यादीतल्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका तिच्या हातात दिली.

मी आडोशाच्या मागे गेले. एक, श्यू. दोन, नक्वी. मग बराच वेळ पेन तसाच धरून उभी राहिले. शेजारच्या आडोशाखाली लेकीचे बर्फाचे बूट दिसत होते, ती माझ्या आधी निघून गेली. मी तिसरी पसंती क्रॉम्बींना दिली आणि चौथी अर्सकिन-स्मिथना. अप्पांनी सांगितल्याप्रमाणे एकही जागा कोरी ठेवली नाही.

२ डिसेंबरला टोरांटोत मोजणी झाली, आम्ही घरून बघितली. पहिल्या फेरीत क्रॉम्बी पुढे, पण निम्म्याच्या आत. श्यू बाद, माझं मत नक्वींकडे. दुसऱ्या फेरीत नक्वी बाद, माझं मत क्रॉम्बींकडे. तिसऱ्या फेरीत क्रॉम्बी ५३.४ टक्के गुणांनी विजयी. मी ज्याला शेवटपर्यंत टाळत होते तोच आकडा मोजला गेला होता. लेक काही बोलली नाही, उठून पाणी प्यायला गेली. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. लाखाहून जास्त सभासद होते आणि मत दिलं ते २३ हजारांच्याही आत लोकांनी, हे ऐकून तर वाईटच वाटलं.

पण हरलेली लेक घरी बसली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऐन बर्फात निवडणूक लागली आणि क्रॉम्बी आमच्याच मतदारसंघातून उभ्या राहिल्या. गुडघाभर बर्फात पत्रकं वाटायला लेक माझ्या आधी तयार असायची. एका संध्याकाळी मी तिला विचारलं, तू तर यांच्या विरोधात होतीस. ती म्हणाली, "मी मत दिलं, माझं मोजलं गेलं. आता हाच माझा पक्ष आहे ना?" त्या निवडणुकीत पक्षाला १४ जागा मिळाल्या, अधिकृत दर्जा परत आला, मतंही एनडीपीपेक्षा बरीच जास्त. पण जागा एनडीपीला २७, त्यामुळे प्रमुख विरोधी पक्ष पुन्हा तेच. आणि क्रॉम्बी स्वतः आमच्या मतदारसंघात हरल्या. ओळखीचा चेहरा लागतो, हा माझा हिशोब माझ्याच गल्लीत चुकला. १४ सप्टेंबर २०२५ ला पक्षाच्या अधिवेशनात त्यांच्या नेतृत्वावर मतदान झालं, ५७ टक्के बाजूने पडले, आणि त्याच दिवशी त्यांनी पद सोडायचं जाहीर केलं.

म्हणजे परत नेता निवडायचा आहे. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, या वेळी उमेदवारांची नावं आली की मलाही कळव, मी वाचून ठेवतो. लेक आता बारावीत आहे, विद्यापीठात गेल्यावर तिथल्या विद्यार्थी क्लबातून मत देता येईल का याची चौकशी करतेय. प्रगतिपुस्तक मात्र मी पासपोर्टच्या फाइलमध्ये लावून ठेवलंय.